वाकळीची समोरची बाजू

वाकळ करायला दोन बाया लागतात. हे मी आधीच सांगून टाकते, कारण आजकाल जो तो मला शिकवायला येतो. शिवायला एक पुरते, मान्य आहे. एकटी बसली तरी हिवाळाभर बारीक टाक्याने सगळी भरून काढेल. पण त्याच्या आधीचं काम, टाचायचं, ते एकटीचं नाही. खाली जुनं लुगडं, मध्ये धोतराचे आणि चादरींचे तुकडे, वर पुन्हा लुगडं. हे थर एकमेकांवरून घसरू नयेत म्हणून आधी लांब लांब कच्चे टाके घालायचे असतात. वाकळ शिवून झाली की ते उसवून फेकून द्यायचे. म्हणजे शेवटी कुणाला दिसत नाही असं हे काम. पण तेच चुकलं तर वाकळीच्या मधोमध असा फुगा येतो, की झोपणाऱ्याला वाटावं पाठीखाली बेडूक आहे.

आमच्या घरात टाचायची रीत अशी. अंगण सारवून वाळलं की त्यावर थर पसरायचे आणि दोघींनी वाकळीच्या अगदी मधोमध जाऊन समोरासमोर बसायचं, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ. टाका मधून सुरू करायचा आणि आपापल्या काठाकडे मागे मागे सरकत जायचं. एकीने ओढलं की दुसरीने तेवढंच ओढायचं, तेव्हा कुठे कापड चोख बसतं. काठाकडून मध्ये आलात तर सगळी सळ मध्ये जमा होते. हे मला माझ्या मोठ्या जावेने शिकवलं, रुख्माबाईने, मी लग्न होऊन नवेगावला आले त्या पहिल्याच हिवाळ्यात. शिकवलं म्हणजे काय, दर टाक्याला ओरडली.

पुढे आमचं बोलणं बंद झालं.

कारण ऐकाल तर हसाल. माझ्या राहुलच्या लग्नात मी तिला लुगडं घेतलं, चांगलं जांभळं, काठाचं. तिने मांडवात चार बायांसमोर ते बोटांत चोळून पाहिलं आणि म्हणाली, "असं लुगडं तं मी वाकळीत घालतो." मी काय गप्प बसणारी आहे? मी म्हटलं, "घाला मंग. तुमच्या अंगावर तसंही शोभनार नाही." झालं! त्या दिवसापासून अबोला. माझे मालक केवलराम होते तोवर दर दिवाळीला मध्ये पडायचे आणि दोन्हीकडून बोलणी खाऊन परत यायचे. ती बोलली असती तर मी बोलले असते, आणि मी बोलले असते तर तीही बोलली असती. पण आपलं काही अडलं नाही असं दोघीही दाखवत राहिलो.

अडायचं ते वाकळीपाशी. आमची घरं एका भिंतीची, वाटणी झाल्यावर अंगणाच्या मध्ये नुसता कूड घातलेला. अबोल्याच्या पहिल्या हिवाळ्यात मी एकटीनेच थर पसरले आणि टाचायला बसले. कुडाच्या पलीकडून ती बघत होती, मला ठाऊक होतं. मी मुद्दाम तिकडे पाठ केली. थोड्या वेळाने फाटक वाजलं. रुख्माबाई आली, एक शब्द नाही, माझी सळ पडलेली बाजू उचलून झटकली आणि काखेतलं ते जांभळं लुगडं काढून मधला थर म्हणून पसरलं. अख्खं! घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मग मधोमध बसली, सुईत दोरा ओवला आणि माझ्याकडे न बघता वाट बघत राहिली. मी उठून घरात जायला हवं होतं. नाही गेले. समोर बसले.

तेव्हापासून दर हिवाळ्यात दोन वाकळी, एक तिची, एक माझी. बोलणं नाहीच. बोलायचंच झालं तर कोंबडीशी. "काही जनीच्या हाताले जोरच नाही वो," असं ती माझ्या कोंबडीला सांगायची, की मी समजायचे, आपली बाजू सैल पडली. मी तिच्या मांजरीला सांगायचे, "काही लोकायची नजर गेली, पन तोंड नाही गेलं." आमची दुसऱ्या बाजूची शेजारीण नंदाबाई तिच्या कुंपणावरून बघत हसायची. म्हणायची, "तुम्ही बोलत होत्या तवा इतक्या बोलत नव्हत्या."

खरं सांगते, वर्षभरात मला तोच एक दिवस आवडायचा. राहुल नागपूरला, त्याच्याकडे मऊ मऊ ब्लँकेटं आहेत, माझ्या वाकळी तिथे दिवाणात पडून असतात. मालक गेले. अंगणवाडीतून मी रिटायर झाले, तेव्हा लेकरांचा गलकाही संपला. वाकळ कुणालाच नको होती. मला रुख्माबाई समोर बसलेली हवी होती, बस. हे मी तिला कधी सांगितलं नाही, कोंबडीलाही नाही.

यंदा पावसाळा सरला आणि तिचा मुलगा चंद्रकुमार तिला अर्जुनी मोरगावला घेऊन गेला. त्याचं तिथे किराणा दुकान आहे, दुकानामागे घर. "बुढीची तब्येत बरी नाही," एवढंच नंदाबाईकडून कळलं. दोन घरांत बोलणंच नाही, मग मला कोण काय सांगणार? मला वाटलं, गुडघे असतील. ह्या वयात दुसरं काय. गेल्या हिवाळ्यात ती मधोमध बसून जरा वेळ नुसतीच सुईकडे बघत राहिली होती, तेव्हा मी म्हटलं होतं, नखरे. कुडापलीकडच्या दाराला कुलूप लागलं. मी स्वतःला सांगितलं, थंडी पडली की येईल. वाकळीला आल्याशिवाय तिला राहवणार आहे थोडंच!

धान निघालं. गावच्या तलावावर परदेशातली पाखरं उतरली, ती बघायला गाड्या भरभरून माणसं आली आणि गेली. रुख्माबाई आली नाही.

मग मी म्हटलं, जाऊ दे, माझं काय अडलंय.

आधी दगड ठेवून पाहिले. चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, एक वीट आणि फरशीचा तुकडा ठेवला आणि मधोमध जाऊन बसले. माझ्याकडे ओढलं, तर पलीकडचा वरवंटा गडगडत माझ्या पायावर. दगडाला वजन असतं, पण दगड काही आपल्याला उलटं ओढत नाही. मग खाट उलटी केली आणि तिच्या चारी पायांना वाकळीचे कोपरे सुतळीने बांधले. ताण झकास बसला! पण खालून सुई घ्यायची तर वाकळीखाली शिरावं लागणार. शिरले, रांगत. बाहेर निघताना कंबर अशी धरली, की नंदाबाईला हाक मारावी लागली.

"मी बसतो ना समोर," नंदाबाई म्हणाली. बसवली. पण तिचं निम्मं लक्ष फोनमध्ये, ओढायची ती मध्येच सोडून द्यायची. मी म्हटलं, "जा बाई घरी, तुझी भाजी करपून राहिली असन." खोटं कशाला बोलू, तिने चांगलं ओढलं असतं तरी मी तिला घालवलंच असतं.

राहुलला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "आई, आता कोणी टाचत नाही. पिना लावतात. नाहीतर चिकटवायचा स्प्रे मिळतो, मारला की झालं." सुनेने, रुचीने, व्हिडिओ पाठवला. त्यात एक गोरी बाई, आमच्या अंगणाएवढं टेबल, आणि सगळं हसत हसत. मी दुकानातून सेफ्टी पिना आणल्या. जिथे पीन तिथे कापड चिमटलं, दोन पिनांच्या मध्ये मोकळंच राहिलं, आणि बोटांची चाळण झाली ती वेगळी.

स्प्रे तर मी कुठून आणणार? पण चिकटवायचंच असेल तर आमच्या भागात पेजेला काय तोटा! भाताची घट्ट पेज काढली, थराथरांमध्ये फासली आणि वाकळ उन्हात टाकली. वाळली तर पापडासारखी कडक, एक सळ म्हणून नाही. मी स्वतःवर इतकी खूश झाले, की नंदाबाईला बोलवायला गेले. परत येते तर तिच्याच शेळ्या वाकळीवर चढलेल्या, एक काठ चावून चोथा केलेला, आणि उरलेल्याला लाल मुंग्या लागलेल्या. नंदाबाई म्हणाली, "तुम्ही तं जेवनच वाढून ठेवलं जी त्यायले." वाकळ धुवायला सगळी सकाळ गेली.

शेवटी साधी सुई घेतली. मधोमध बसले, समोरची बाजू पायांनी दाबून धरली आणि टाके घालत मागे सरकत गेले. सळ पडत होती, पडू दिली. काठापाशी पोचले, दोरा तोडला, उठायला गेले, तर वाकळ माझ्यासोबत उठली. माझा पदर वाकळीत टाचला गेला होता, चांगला वीतभर! हे आमच्याकडे व्हायचंच. कधी तिचा पदर, कधी माझा. ज्या साली व्हायचं त्या साली दोघी पोट धरून हसायचो, एकमेकींकडे न बघता. बोलायला बंदी होती, हसायला नव्हती. मीही हसले. हसत हसत मान वर केली. समोर सारवलेलं अंगण होतं आणि त्यावर ती चुरगळलेली वाकळ. मग ते हसू कसं कोण जाणे रडण्यात गेलं. पदर अडकलेला तसाच, मी तिथेच बसून मोठ्याने रडले, कुणाला ऐकू गेलं तर जावो. नंदाबाई आली नाही. तिला कळलं असावं.

डोळे पुसले आणि ठरवलं, आता बोलायचं. मीच आधी बोलायचं.

पदर सोडवला, सगळे टाके उसवले, थर गुंडाळून गाठोडं बांधलं आणि अर्जुनीची एसटी धरली. रस्ताभर एकच वाक्य घोळवत होते, "बाई, चला, वाकळ टाचायची हाये." बस, तेवढंच. रडारड नाही, मनधरणी नाही. ती काय म्हणेल तेही ठरवून ठेवलं होतं. ती म्हणेल, "आता सुचलं तुले?" मी म्हणेन, "आता सुचलं." मग ती ओरडेल आणि मी ऐकून घेईन. ह्या वेळी नक्की ऐकून घेईन.

मला दुकानाच्या दारात बघून चंद्रकुमार साखर तोलता तोलता थांबला. "काकी? तुम्ही?"

"बाईले भेटाले आलो," मी म्हटलं. "कुठं हाये?"

त्याने बायकोकडे बघितलं. दुर्गेश्वरी पुढे आली, माझं गाठोडं घेतलं, म्हणाली, "आधी बसा काकी, पानी घ्या, मंग..." मी कुठली थांबते. मागच्या छपरीत गेले.

रुख्माबाई प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. केस कापलेले, तेल लावून नीट बसवलेले, अंगात गाऊन, त्यावर टॉवेल. गाऊन! जन्मभर लुगड्यात राहिलेली बाई. वाळून गेली होती. तिने मला बघितलं आणि तोंडभर हसून म्हणाली, "या जी बाई, बसा. जेवल्या का?"

माझं पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. ती बोलली! इतक्या वर्षांनी, आणि आधी तीच बोलली! मला जिंकल्यासारखं वाटलं, सांगायला लाज कसली. मी म्हटलं, "जेवून आलो, बाई."

"कोन्या गावच्या तुम्ही?"

टोमणा, मला वाटलं. अजून जिरली नाही हिची. मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "घ्या! आता लोक गावही विसरले."

दुर्गेश्वरीने मागून हळूच माझा दंड धरला. "काकी, त्यायले खरंच ओळखू येत नाही. मले कधी नर्सबाई म्हनते, कधी आपल्या बहिनीच्या नावानं हाक मारते. ह्यायले भाऊ म्हनते. डॉक्टर म्हने, हे वाढतच जाईन. तुमाले सांगाव म्हनत होतो, पन..."

मी खालीच बसले. मला राग आला. रागच आला, दुसरं काही नाही. भांडण आमच्या दोघींचं होतं, दोघींनी मिळून इतकी वर्षं सांभाळलेलं, आणि ही मला न विचारता ते टाकून निघून गेली. आता ते अख्खं माझ्या एकटीकडे राहिलं. ते मी कुणाशी मिटवू?

गाठोडं सोडलं. आणले होते ते थर पसरण्यावाचून मला दुसरं काही सुचेना. छपरीच्या फरशीवर लुगडं पसरलं, त्यावर धोतराचे तुकडे, चादर, वर दुसरं लुगडं. रुख्माबाई बघत होती. शेवटचा थर हाताने सारखा करत होते, तेवढ्यात ती खुर्चीतून उठली. "आई, पडान!" म्हणत दुर्गेश्वरी धावली. रुख्माबाईने तिला हाताने बाजूला सारलं, वाकळीवर आली, बरोबर मधोमध बसली आणि माझ्यापुढे हात केला. मी सुईत दोरा ओवून दिला आणि समोर बसले, गुडघ्याला गुडघा लावून.

तिचा टाका तोच होता. लांब, सरळ, दोऱ्याला जराही ओढ नाही. आणि तोंड चालू. आमच्या वाकळीवर इतक्या वर्षांत एवढं बोलणं झालं नसेल.

"तुम्ही आखडून काऊन धरून राहिल्या जी? माही जाऊ बघा, कशी धरते. माही जाऊ हाये नवेगावले. वच्छला नाव तिचं."

माझी सुई थांबली.

"लय तापट बाई. बोलत नाही माह्याशी. लुगड्यावरून रुसली. मी लुगड्याले नाव ठेवलं तं काय झालं? मोठी मी हावो ना? मोठीनं नाव नाही ठेवाव तं कोनं ठेवाव?" ती आपल्याशीच हसली. "पन हात सोन्याचा हाये तिचा. मी इकडून ओढलं का तिकडून तेवढंच ओढते, सांगा नाही लागत. अंगनवाडीत लेकरायले शिकवते, हुशार हाये. मी कधी म्हटलं नाही तिले. म्हटलं असतं तं डोक्यावर बसली असती."

दुर्गेश्वरीने ओढणी तोंडाला लावली आणि दुकानाकडे निघून गेली.

"बाई," मी म्हटलं, "मीच वच्छला. मी आलो ना."

तिने सुई कापडात टोचून ठेवली आणि माझ्याकडे निरखून बघितलं. आधी केसांकडे, मग कपाळाकडे, मग हातांकडे. मला वाटलं, आता. आता म्हणेल, आता सुचलं तुले? ती मान हलवून हसली, अनोळखी बाईशी हसावं तसं, जपून.

"कायले मस्करी करता जी," ती म्हणाली. "ती अशी बुढी नाही."

मी काय आता आधार कार्ड काढून दाखवणार होते? ती पुन्हा सुई घेऊन मागे सरकू लागली, आपल्या काठाकडे. मीही माझ्या काठाकडे सरकले. आपली बाजू तरी नीट टाचावी म्हणून टाके घालायला लागले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते वाहू दिलं. थोडेच टाके घातले असतील.

"ओ बाई!" ती ओरडली, अगदी पूर्वीसारखी. "तुम्ही नका टाकू टाका. ती बाजू तिची हाये."

गुडघ्यांवर सरकत ती वाकळीवरून माझ्यापर्यंत आली, माझ्या हातातली सुई काढून घेतली आणि मी घातलेले टाके एकेक करून उसवले. सळ बघितली, तळव्याने सारखी केली. म्हणाली, "मी आपली बाजू करून ठेवतो. ती आली का तिची ती करन. दुसऱ्या कोनाच्या हातची नाही चालत मले."

"कवा येनार हाये ती?" मी विचारलं.

"येते ना. रुसली तरी वाकळीले चुकत नाही ती."

ती परत आपल्या जागेवर जाऊन बसली. सुई उचलली, कापड आपल्याकडे ओढलं, आणि माझी बाजू सैल पडलेली बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"नुसत्या बसल्या काऊन? धरा ना तिकडून. ती येईपर्यंत धरून ठेवाले काय जाते तुमचं?"

मी दोन्ही हातांनी काठ धरला. तिने ओढलं, तेवढंच मी ओढलं.

"हां, असं," ती म्हणाली, आणि टाके घालू लागली. मधून मधून मान वर करून ती दाराकडे बघत होती, मी येते का म्हणून.